दम्याच्या इनहेलरच्या ट्रायलमध्ये बसायचंय? सहीच्या आधी, नंतर आणि मधल्या काळात काय करायचं

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. अकरावीला आहे, सिडकोत राहतो, चौथीपासून दमा. म्हणाला आत्या, आमच्या छातीच्या डॉक्टरांकडे एका इनहेलरची ट्रायल सुरू होतेय, बारा वर्षांच्या पुढच्या पोरांना आणि मोठ्यांना घेतायत, मला विचारलंय. आई ऐकूनच घाबरली, म्हणते माझं पोरगं काय प्रयोगाला ठेवलंय का, आणि बाबा म्हणतायत तीन महिने औषध फुकट मिळतंय तर करून टाक. तू केली होतीस ना, तू सांग.

हो, मी केली होती, काही वर्षांपूर्वी, इथेच नाशकात, बारा आठवड्यांची. त्याच्याशी तासभर बोलले, मग त्याच्या आईशी वेगळं तासभर बोलले, आणि मग वाटलं हे लिहूनच ठेवावं. मी डॉक्टर नाही, कॉलेजपासून पंप, म्हणजे इनहेलर, वापरणारी पेशंट आहे, त्यामुळे हे सगळं खुर्चीच्या पेशंटकडच्या बाजूने लिहिलेलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पास-नापास व्हायचंय ते औषधाला. तुम्ही फक्त तुमच्या छातीत जे घडतंय ते जसंच्या तसं सांगायचंय. हे वाचायला सोपं वाटतं पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, माझाही झाला, ते पुढे सांगते.

या ट्रायल "पर्सिस्टंट" म्हणजे कायम मागे लागलेल्या दम्यासाठी असतात. वर्षातून एकदा थंडीत घरघर झाली आणि गेली, तर तो हा नाही. साधारण हिशोब असा की आठवड्यातून दोनापेक्षा जास्त दिवस धाप, खोकला, छाती आवळल्यासारखं होतं, किंवा महिन्यातून दोनापेक्षा जास्त रात्री त्यानेच जाग येते, म्हणजे रोजचं औषध लागणारा दमा. रोजचं म्हणजे स्टेरॉइडचा पंप, जो श्वासनलिकेची आतली सूज उतरवतो. दुसरा तो लगेच आराम देणारा, सालब्युटामॉलचा, तो फक्त आवळलेले स्नायू सैल करतो, सूज तशीच राहते. खूप जण वर्षानुवर्षं फक्त हा दुसराच घेत बसतात कारण पाच मिनिटांत बरं वाटतं. जगभरच्या दम्याच्या गाइडलाइन्स काढणाऱ्या जीना या संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितलं की टीनएजर आणि मोठ्यांना फक्त आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नका, सोबत स्टेरॉइड हवंच.

आणि हे त्यांना कळलं कुठून तर अशाच ट्रायलमधून. वहिनीला, म्हणजे भाच्याच्या आईला, मी अशा ट्रायलची एक गोष्ट सांगितली तेव्हा ती जरा शांत झाली, म्हणून इथेही सांगते. साल्मेटेरॉल नावाचं औषध आहे, बारा तास श्वासनलिका मोकळी ठेवणारं. ते बाजारात आल्यावर अमेरिकेत १९९६ पासून एक मोठी ट्रायल चालली, २६,३५५ माणसं. अर्ध्यांना त्यांच्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला साल्मेटेरॉल, अर्ध्यांना तसाच दिसणारा रिकामा पंप. दम्याने गेलेली माणसं मोजली तर साल्मेटेरॉलच्या बाजूला १३ आणि रिकाम्या पंपाच्या बाजूला ३. ट्रायल २००३ मध्ये थांबवली आणि औषधावर काळ्या चौकटीतली, म्हणजे सगळ्यात कडक, वॉर्निंग आली. त्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त जण स्टेरॉइडचा पंप घेतच नव्हते, मग प्रश्न उरला की एकाच पंपात स्टेरॉइड आणि साल्मेटेरॉल दोन्ही दिलं तर धोका राहतो का. त्यासाठी परत मोठी ट्रायल, १२ वर्षांपुढची ११,६७९ माणसं, २६ आठवडे, एका गटाला असा जोडपंप आणि दुसऱ्याला नुसतं स्टेरॉइड. २०१६ मध्ये निकाल छापून आला. दम्यामुळे एकही मृत्यू नाही, गंभीर प्रकार दोन्ही गटांत जवळपास सारखेच, एकीकडे ३४ जणांना आणि दुसरीकडे ३३ जणांना, आणि दम्याचा मोठा अटॅक येण्याचं प्रमाण जोडपंपवाल्यांत एकवीस टक्क्यांनी कमी. त्याच्या पुढच्या वर्षाअखेरीस अमेरिकेत जोडपंपावरची ती काळी चौकट काढली. आज आपल्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे जो जोडपंप मिळतो त्याच्यामागे अशी हजारो माणसं आहेत ज्यांनी रोज सकाळी उठून श्वास मोजायच्या नळीत फुंकर मारली आणि वहीत आकडा लिहिला. त्यात बारा-पंधरा वर्षांची पोरंही होती.

म्हणून मी ट्रायलला नाही म्हणत नाही. पण डोळे मिटून हो पण म्हणू नका.

सही करायच्या आधी

कागद घरी आणा. माहितीपत्रक आणि संमतीपत्र असतं, बरीच पानं असतात, ते दवाखान्यात बाकड्यावर बसून वाचून होत नाही. मला पहिल्यांदा इंग्रजीतला गठ्ठा दिला आणि म्हणाले वाचा, इथे सही करा, सगळे करतात. मी मराठी प्रत मागितली. आणतो म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. आठवडा गेला तर गेला, पण मराठीतच वाचलं आणि मगच सही केली. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगणं हे त्यांचं काम आहे, तुम्ही मेहेरबानी मागत नाहीये. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, ती फाइलला लावा.

त्या फॉर्मवर तुमचं शिक्षण, कामधंदा, वर्षाचं उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. नॉमिनी हा शब्द वाचून माझ्या आईच्या पोटात गोळा आला होता, एलआयसीसारखं काय विचारतायत म्हणून. घाबरू नका, भारतातल्या नियमातच तो फॉर्म तसा आहे, नुकसानभरपाईची वेळ आलीच तर हिशोब करता यावा म्हणून.

नियम म्हणजे २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच की ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, ट्रायलमुळेच झालं हे ठरलं तर भरपाई द्यावी लागते, आणि गंभीर काही घडलं तर डॉक्टरांना २४ तासांत सरकारी यंत्रणेला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायलला मंजुरी देणाऱ्या आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला, कळवावं लागतं. एथिक्स कमिटीत कमीत कमी सात जण असतात आणि त्यात डॉक्टर नसलेला सामान्य माणूस आणि कायद्याचा जाणकारही असावा लागतो. त्या कमिटीचा फोन नंबर तुमच्या कागदावर असतो, तो मोबाइलमध्ये सेव्ह करा. मला एकदाही लागला नाही पण सेव्ह होता.

मग घरबसल्या एक चेकिंग करा. सीटीआरआय म्हणून आपल्या देशाची ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, ऑनलाइन, २००७ पासून, आणि जून २००९ पासून तिथे नोंद केल्याशिवाय औषधाची ट्रायल सुरूच करता येत नाही. डॉक्टरांकडून सीटीआरआयचा नंबर मागून घ्या आणि तिथे टाका. कुठलं औषध, कशाशी तुलना, किती वयाचे, कुठल्या गावातल्या कुठल्या हॉस्पिटलात, तिथल्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिलीय की नाही, सगळं दिसतं. तुमच्या हॉस्पिटलचं नाव त्या यादीत हवं. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा, खरंच.

आता प्रश्न. मी भाच्याला वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावले. सगळ्यात मोठा प्रश्न हा की माझा आत्ताचा रोजचा पंप बंद करणार का, आणि बंद केला तर त्याच्या जागी काय. कारण काही ट्रायलमध्ये एका गटाला नुसता रिकामा पंप, म्हणजे प्लासिबो मिळतो. जेनेरिक जोडपंप जुन्या ब्रँडइतकाच चालतो का हे बघणाऱ्या ट्रायलमध्येही असा एक गट ठेवतात, थोड्या आठवड्यांसाठी. रिकामा गट ठेवला म्हणजे ट्रायल वाईट असं अजिबात नाही, औषधाचा खरा परिणाम मोजायला तो लागतो, पण ज्याला गेल्या वर्षात अटॅक येऊन अॅडमिट व्हावं लागलंय त्याने स्टेरॉइडशिवाय महिनाभर काढणं आणि ज्याचा दमा हलका आहे त्याने काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्न असा विचारा की मला रिकामा पंप मिळायची शक्यता किती, किती दिवस, आणि त्या काळात मी बिघडलो तर कुठल्या आकड्याला तुम्ही मला बाहेर काढणार. हो, आकडा मागा. चांगल्या ट्रायलमध्ये तो आधीच लिहिलेला असतो, फुंकरीचा आकडा इतका खाली गेला किंवा दिवसात आरामाचे पफ इतक्यांच्या वर गेले की पेशंट बाहेर आणि पूर्ण उपचार चालू. शिवाय आराम देणारा पंप प्रत्येकाला मिळतोच, कुठल्याही गटात असा, ते मात्र खात्री करून घ्या.

बाकीचे प्रश्न लहान आहेत पण विचारा. किती वेळा यावं लागेल, येण्याजाण्याचा खर्च मिळतो का, रात्री दोन वाजता दम लागला तर कुणाला फोन करायचा, मधेच सोडायचं असेल तर काय. शेवटच्याचं उत्तर मी देते, कधीही सोडता येतं, कारण सांगायची सक्ती नाही, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

अठराच्या आतल्या पोरांचं थोडं वेगळं. सही आईबाबांची लागते पण बारा ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःचीही लेखी तयारी लागते, तिला असेंट म्हणतात. म्हणजे बाबा हो म्हणाले म्हणून पोराला बसवता येत नाही. नवीन रेणूचं, म्हणजे अजून मंजूर न झालेलं औषध असेल आणि भाग घेणारं मूल असेल तर संमती देतानाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंगही करतात, कॅमेरा बघून दचकू नका. स्टेरॉइडच्या पंपाने उंची खुंटते का असं प्रत्येक आई विचारते. लहान वयात रोज बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांवरचा एक अभ्यास आहे, मोठेपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. एवढाच फरक, आणि बिघडलेला दमा याच्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतो, पण तुमच्या ट्रायलमध्ये उंची मोजणार का हे विचारायला काहीच हरकत नाही. आणि मुलीची आई असाल तर हे आधीच माहीत असू द्या की पाळी सुरू झालेल्या सगळ्याच मुलीबायकांची लघवीतून प्रेग्नन्सी टेस्ट करतात, सरसकट करतात, पोटातल्या बाळाला नवीन औषधाचा धोका नको म्हणून. ऐनवेळी कळलं तर घरात उगाच वाद होतो, मुलीला आदल्या दिवशी नीट सांगून ठेवा.

तपासणीचा दिवस

इथे एक कळकळीचं सांगणं. ट्रायलमध्ये निवड व्हावी म्हणून आपल्या मनाने पंप बंद करून जाऊ नका. लोकांच्या कानावर येतं की आकडा खाली असला की घेतात, मग चार-पाच दिवस औषध बंद. हे जिवावर बेतू शकतं. टेस्टच्या आधी कुठलं औषध किती तास थांबवायचं ते टीमच सांगते, आराम देणारा पंप साधारण चार ते सहा तास, लांब पल्ल्याचा बारा ते चोवीस तास किंवा जास्त, औषधाप्रमाणे. त्यांनी लिहून दिलंय तेवढंच. आणि त्या वेळात दम लागला तर पंप घ्यायचा, टेस्ट दुसऱ्या दिवशी होईल.

टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री. सैल कपडे घाला, भरपेट जेवून जाऊ नका, बऱ्याच ट्रायलमध्ये त्या सकाळी चहा-कॉफीसुद्धा बंद असते कारण त्यातल्या द्रव्याने श्वासनलिका थोडी उघडते. सकाळच्या चहाशिवाय ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी आधीच विचारून ठेवा. नाकाला चिमटा लावतात, नळी ओठात घट्ट, छाती पूर्ण भरून घ्यायची आणि मग एकदम, सगळी ताकद लावून, धाडकन सोडायची, आणि संपली असं वाटलं तरी टेक्निशियन ओरडत असतो अजून अजून अजून, तेव्हा खरंच अजून सोडायची, मोठ्या माणसांत साधारण सहा सेकंद. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली तो आकडा महत्त्वाचा, त्याला एफईव्ही-वन म्हणतात. तीन चांगल्या फुंकरी लागतात आणि वरच्या दोन एकमेकींशी जुळायला लागतात, १५० मिलिलिटरच्या आत, म्हणून ते परत परत करायला लावतात. चक्कर आल्यासारखं होतं, बसून करा, पाणी मागा.

मग सालब्युटामॉलचे पफ देतात, चार पफ म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत तेच. आकडा आधीपेक्षा निदान बारा टक्के आणि २०० मिलिलिटरने वर गेला तर श्वासनलिका औषधाला दाद देते असं धरतात, आणि बऱ्याच ट्रायलमध्ये तीच प्रवेशाची अट असते. माझ्यासोबत गंगापूर रोडकडच्या एक काकू होत्या, त्यांचा आकडा तेवढा हलला नाही म्हणून घेतलं नाही, बिचाऱ्या रडवेल्या झाल्या की मी नीट फुंकलं नाही. तसं काही नसतं, चालू औषध छान लागू पडत असलं तरी आकडा हलत नाही. नुकतीच सर्दी-ताप झाली असेल, मागच्या महिन्यात स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील, सिगारेट असेल, तरी घेत नाहीत. आणि यातलं काही लपवू नका, गल्लीतल्या डॉक्टरने दिलेल्या त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या स्टेरॉइडच्या असू शकतात, पाकीटच घेऊन जा.

एक दिवस मात्र अख्खा जातो. काही ट्रायलमध्ये औषधाचा पहिला डोस दिल्यावर अर्ध्या तासाने, तासाने, दोन तासांनी असं करत बारा तासांपर्यंत फुंकायला लावतात, औषधाचा असर कधी चढतो आणि किती वेळ टिकतो ते बघायला. सुट्टी टाका, चार्जर न्या, पोराबरोबर कुणीतरी मोठं माणूस थांबा. शेवटच्या फुंकरीपर्यंत रात्र होते, परतीची गाडी आधीच ठरवा, त्या वेळी द्वारका चौकात रिक्षावाल्याशी हुज्जत घालायचं त्राण राहत नाही.

वही आणि फुंकर

यानंतर सुरुवातीचे दोन-चार आठवडे रन-इन असतात. अजून गट पडलेले नसतात, तुमचा दमा स्थिर आहे का आणि तुम्ही वही भरता का एवढंच बघतात. वही म्हणजे कागदाची किंवा मोबाइलमधली डायरी, सकाळ-संध्याकाळ पीक फ्लोचा आकडा, दिवसा त्रास किती, रात्री जाग आली का, आरामाचे पफ किती.

पीक फ्लो मीटर म्हणजे हवा किती जोरात बाहेर येते ते मोजणारी प्लास्टिकची नळी. काटा शून्यावर आणा, उभं राहा, छाती भरा, ओठ घट्ट, आणि एक छोटा जोराचा झटका. स्पायरोमेट्रीसारखं लांबवायचं नाही. तीनदा करायचं, तिन्हीतला सगळ्यात मोठा लिहायचा, सरासरी काढायची नाही. औषध घ्यायच्या आधी फुंकायचं, रोज त्याच वेळी, त्याच मीटरवर. दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवा, विसरत नाही.

आता माझी चूक. मधे दोन आठवडे ऑफिसमध्ये ऑडिट होतं, दिवसभर कामात, रात्री आले की झोप, वही राहिली. आणि मग व्हिजिटच्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये गाडीवर बसून मी चौदा दिवसांचे आकडे एका दमात लिहून काढले. सगळे छान छान, ३८०, ३८०, ३९०. रात्रीची जाग शून्य. मला वाटलं डॉक्टरांना बरं वाटेल. कोऑर्डिनेटर मुलीने वही बघितली, पंपावरचा पफ मोजणारा काउंटर बघितला, आराम देणाऱ्या पंपातून एकवीस पफ गेलेले आणि वहीत चार. तिने काही रागावलं नाही, शांतपणे म्हणाली ताई, रिकामं सोडलं असतं तर चाललं असतं, खोटं भरलं की ते औषधाच्या नावावर जमा होतं. उद्या हे औषध कुणा दुसऱ्याला देतील या आकड्यांवर.

ते मला लागलं ते लागलंच. मला त्या दोन आठवड्यांत तीनदा रात्री जाग आली होती. कुठेच नोंद नाही. म्हणून सांगते, विसरलात तर कोरं सोडा. त्रास झाला तर त्रास लिहा. औषध घ्यायचं राहिलं तर राहिलं लिहा. टीनएजर पोरांकडून तर दोन डोस राहतातच, क्लास, ट्यूशन, मित्रांसमोर पंप काढायची लाज, आणि आईच्या भीतीने ती "घेतलं" लिहितात. पोराला सांगा की वही आई तपासणार नाही, आणि खरंच तपासू नका.

वहीच्या जोडीला प्रश्नावली असते. एक एसीटी म्हणून आहे, पाच प्रश्न, मागच्या चार आठवड्यांबद्दल, पंचवीसपैकी मार्क. वीस आणि पुढे म्हणजे दमा ताब्यात, एकोणीस किंवा खाली म्हणजे नाही. आपण दम्याची माणसं कमी श्वासाला इतके सरावलेलो असतो की जिन्यात थांबणं आपल्याला त्रास वाटतच नाही. उत्तर देताना घरच्यांना विचारा, रात्री मी खोकतो का. नवरा म्हणाला रोज, मी लिहिणार होते कधीतरी.

पंप घ्यायची पद्धत

गट पडल्यावर हातात काय येईल सांगता येत नाही. मला दोन पंप दिले होते, एक दाबायचा आणि एक पावडरचा, दोन्ही रोज घ्यायचे, त्यातल्या एकात औषध आणि दुसरा रिकामा. दोन वेगळ्या उपकरणांची तुलना करायची तर डॉक्टरांना आणि पेशंटलाही कळू नये म्हणून असं करतात. चव बघून ओळखायच्या फंदात पडू नका आणि एकच पंप लागू पडतोय असं वाटून दुसरा सोडू नका.

दोन्हींची पद्धत उलटी आहे आणि इथे जुने पेशंटसुद्धा चुकतात. दाबायचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू, खोल आत घेत घेत सुरुवातीलाच एकदा दाबायचा, दहा सेकंद रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, परत हलवून. पावडरचा मात्र जोरात आणि झपकन ओढायचा, कारण पावडर उडवायला तुमच्या श्वासाचाच जोर लागतो, आणि त्यात उलटा श्वास कधी सोडायचा नाही, ओल लागून पावडर गोळा होते. त्र्यंबककडच्या पावसाळ्यात तर हवेनेच ओल येते, पावडर कॅप्सूलमधून येत असेल तर कॅप्सूल स्ट्रिपमधून ऐनवेळीच काढा, आणि कॅप्सूल गिळायची नाही, हे सांगावं लागतं कारण लोक गिळतात. दाबायचा पंप उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. पाण्यात तरंगतो का बघून किती शिल्लक आहे ते कळतं ही जुनी समजूत आहे, त्याने पंप खराब होतो, काउंटर बघा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरं येतं आणि आवाज बसतो. प्रत्येक व्हिजिटला त्यांच्यासमोर घेऊन दाखवा, मी वीस वर्षं पंप घेत होते आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चूक काढली, मी दाबल्यानंतर श्वास घ्यायला लागायचे.

नाशिकचं एक आहेच. इथली हवा महिन्यागणिक बदलते आणि ट्रायलच्या बारा आठवड्यांत काहीतरी मधे येणारच. डिसेंबरात निफाडकडची थंडी आणि चौकाचौकात शेकोट्या, मळ्यात राहणाऱ्यांना द्राक्षावरच्या फवारण्या आणि गंधकाची धुरळणी, सिंहस्थाच्या कामांची धूळ, मग होळीचा धूर आणि रंगपंचमीला रहाडीतली, म्हणजे रंगाच्या हौदातली गर्दी, पावसाळ्यात भिंतीची ओल. यातलं काही झालं की त्या दिवशी वहीत दोन शब्द लिहा, "शेजारी फवारणी", "दिवसभर पंचवटीत धूळ". नाहीतर आकडा का पडला ते कुणालाच कळत नाही आणि दोष औषधाला. बाहेरून घेतलेली प्रत्येक गोळी, खोकल्याचं औषध, काढा, आजीने दिलेलं चाटण, सगळं लिहा. पेनकिलर विशेष, कारण काही दमेकऱ्यांना अॅस्पिरिन आणि त्या जातीच्या गोळ्यांनी अटॅक येतो.

बिघडलं तर

ट्रायल बाजूला, आधी श्वास. तुमचा स्वतःचा चांगल्यातला चांगला पीक फ्लो किती ते लिहून फ्रिजवर चिकटवा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० ते ८० मध्ये आला की ट्रायलच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन, ५० च्या खाली किंवा एक वाक्य एका श्वासात बोलता येत नाही किंवा ओठ निळसर दिसतायत किंवा आरामाचा पंप घेऊनही फरक नाही, तर आरामाचा पंप घेत राहा आणि १०८ ला फोन करून जवळच्या हॉस्पिटलात. ट्रायलवालं हॉस्पिटल लांब असेल तर तिथपर्यंत जायच्या नादात वेळ घालवू नका. ट्रायलचं कार्ड देतात ते पाकिटात ठेवा आणि कॅज्युअल्टीत दाखवा. कुठल्या गटात आहात हे तातडीने कळणं गरजेचं असेल तर डॉक्टरांना ते उघडून बघायची सोय असते. सही केली म्हणून सहन करत बसायचं हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नसतं.

भाचा वहीच्या मागच्या पानासकट आईबाबांना घेऊन परत जाऊन आला. त्याच्या ट्रायलमध्ये रिकामा गट नाहीये, दोन्हीकडे स्टेरॉइड आहे, सीटीआरआयवर हॉस्पिटलचं नाव सापडलं, आणि बाहेर काढायचा आकडा डॉक्टरांनी न विचारता दाखवला. वहिनीने अजून सही केलेली नाही, मराठी कागद घरी आणलाय, वाचतेय. वाचू दे.

संपताना एवढंच करायचं राहतं. वापरलेले, अर्धे, न उघडलेले सगळे पंप परत न्या, ते मोजतात. पण परत द्यायच्या आधी, त्याच खुर्चीत बसून, उद्या सकाळपासून मी कुठला पंप घ्यायचा हे विचारा आणि प्रिस्क्रिप्शन हातात घ्या. माझी शेवटची व्हिजिट शनिवारी संध्याकाळी झाली, पंप जमा झाले, सगळ्यांनी थँक्यू म्हटलं, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की रोजचा पंप घरात एकही नाही आणि माझे नेहमीचे डॉक्टर रविवारी बसत नाहीत.